विहाराची शिस्त आणि परतीची वाट



साठ वर्षांपूर्वी याच दालनात मागच्या बाकावर बसून मी हेडमास्तरांच्या वहाणांचा आवाज कानांत प्राण आणून ऐकत असे. आज त्यांच्या तसबिरीला हार घालून, त्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मी येथे उभा आहे. या योगायोगाने मन थोडे संकोचते. बडोद्यातील आम्हा मराठी मुलांना घडविण्यात या शाळेचा वाटा केवढा आहे, हे पूर्वीच्या वक्त्यांनी माझ्याहून अधिक समर्थपणे सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही.

चिटणिसांनी पत्रातून ‘धर्म आणि शिक्षण’ असा विषय सुचविला होता. विषय एवढा विस्तीर्ण की त्यात वक्ता हरवण्याचीच भीती अधिक. म्हणून मी त्यातला एक लहानसा कोपरा निवडला. धर्मसंस्थेने चालविलेल्या विद्यालयात विद्यार्थ्याने कसे वागावे याचे नियम काय असतात, आणि त्याने ते मोडले तर पुढे काय होते, एवढाच तो कोपरा. उदाहरण म्हणून मी आपल्याच देशातील बौद्ध विहार घेणार आहे. मी आयुष्यभर पाली आणि संस्कृत शिकविले, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माझ्या हातून घडलेली एक चूक. ती शेवटी सांगेन.

आरंभ मात्र हेडमास्तरांच्या वहीपासून केला पाहिजे. लाल कापडी बांधणीची ती वही आपल्यापैकी काहीजणांनी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नाही ते माझ्याहून गुणी विद्यार्थी असले पाहिजेत. १९६४ साली मी नववीत असताना आम्ही तिघांनी मधल्या सुट्टीनंतर भिंतीवरून उडी मारली आणि थेट सिनेमागृह गाठले. दुसऱ्या दिवशी आमची रवानगी हेडमास्तरांच्या खोलीत झाली. त्यांनी छडी काढली नाही, वही काढली. पानाच्या उजव्या अंगाला आमचा अपराध लिहिलेला होता आणि डावे अंग कोरे होते. ते म्हणाले, “आधी नीट वाच. यात खोटे काही असेल तर या बाजूला लिही. खरे असेल तर तेही तूच लिही.” मी थरथरत्या हाताने लिहिले, “खरे आहे. पण भिंतीची वीट माझ्या पायाने पडली नाही, ती आधीच पडलेली होती.” त्यांनी ते वाचले, भिंत पाहून आले आणि विटेचा उल्लेख खोडला. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर ग्रंथालयातील पुस्तकांना पुठ्ठे घालण्याची शिक्षा आम्हाला झाली. सोळाव्या दिवशी त्याच पानावर त्यांनी ‘पूर्ण’ असे लिहून सही केली आणि माझीही सही घेतली. त्यानंतर शाळा सोडेपर्यंत त्या गोष्टीचा उच्चार त्यांनी एकदाही केला नाही. या रिवाजाला किती प्राचीन आधार आहे हे त्या वेळी मला ठाऊक नव्हते. त्यांना असावे काय, हा प्रश्न मी त्यांना विचारायचा राहून गेला.

आता नालंदेकडे वळू. सातव्या शतकात ह्यूएनत्संग हा चिनी यात्रेकरू तेथे राहिला. त्याच्या चरित्रात असे विधान आहे की, नालंदेच्या स्थापनेपासून सातशे वर्षांत एकाही भिक्षूने नियमांविरुद्ध बंड केले नाही. हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांना आणि उत्सवी भाषणांना फार प्रिय आहे. मला त्यावर कधीच विश्वास ठेवता आला नाही. एक तर नालंदेची स्थापना पाचव्या शतकात, गुप्तकाळात झाली. तेव्हा सातशे वर्षांचा हिशेबच जुळत नाही. दुसरे असे की, ज्या संस्थेत हजारो तरुण एकत्र राहतात तेथे अपराध घडत नाहीत असे कोणी सांगू लागला, तर त्याने वसतिगृह चालविलेले नाही एवढेच सिद्ध होते.

ह्यूएनत्संगाच्या मागून काही दशकांनी आलेला इत्सिंग अधिक विश्वासू साक्षीदार आहे. तो इ. स. ६७१ मध्ये चीनहून निघाला, ६७३ मध्ये ताम्रलिप्तीच्या बंदरात उतरला आणि पुढे सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिला. भारतात भिक्षू प्रत्यक्ष कसे राहतात हे पाहून मायदेशातील भिक्षूंना कळवावे, या एकाच हेतूने त्याने आपले वृत्त लिहिले. १८९६ साली जपानी पंडित ताकाकुसू यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केले. इत्सिंगाला तत्त्वज्ञानापेक्षा दिनचर्येत रस. दात कशाने घासावे, जेवताना किती अंतराने बसावे, पाणी कसे गाळावे, यांवर तो पाने खर्च करतो. नालंदेत तीन हजारांवर भिक्षू होते आणि विहाराला दोनशेहून अधिक गावांचे उत्पन्न होते, हे तो सांगतो. जवळ दहाहून अधिक मोठी तळी होती आणि सकाळी घंटा झाली की शेकडो भिक्षू स्नानाला निघत, हेही तो सांगतो. एवढ्या गर्दीचे नियमन कशाने होत असे, याचे उत्तर विनयपिटकात आहे.

विनयपिटक म्हणजे संघाच्या आचारनियमांचा ग्रंथ. पाली परंपरेत भिक्षूंसाठी २२७ नियम आहेत. ते ‘पातिमोक्ख’ या नावाने दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी सर्वांसमक्ष म्हटले जात. नियमांची संख्या ऐकून दडपण येते. पण त्यांतले ७५ तर केवळ बसण्याउठण्याचे, जेवताना मचमच आवाज न करण्याचे, तोंडात घास असताना न बोलण्याचे आहेत. आपल्या आज्यांनी ते विनयपिटक न वाचताच आपल्याला शिकविले.

मला महत्त्वाची वाटते ती नियमांची संख्या नव्हे, त्यांच्या जन्माची कथा. वेरंजा गावी सारिपुत्ताने बुद्धाला विनंती केली की, संघ चिरकाल टिकावा म्हणून आधीच नियम घालून द्यावेत. बुद्धाने नकार दिला. संघ जुना होतो, मोठा होतो, त्याला लाभ होऊ लागतो, तेव्हा त्यात दोष शिरतात. ते दिसू लागले म्हणजे नियम करू, असे त्याचे म्हणणे. म्हणून विनयातील प्रत्येक नियमापाठीमागे एक हकिकत आहे. कोणी काय केले, लोक काय म्हणाले, बुद्धाने त्याला बोलावून काय विचारले, त्याने काय सांगितले आणि मग नियम काय झाला. शिवाय ज्याच्या कृत्यामुळे नियम झाला त्या पहिल्या माणसाला त्या नियमाखाली दोषी धरीत नाहीत, कारण त्याने केले तेव्हा नियमच नव्हता. आपल्या महाविद्यालयांच्या छापील नियमावल्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत कलमे असतात, कथा नसतात. त्यामुळे नियम कशासाठी झाला हे शिक्षकालाही ठाऊक नसते. मग विद्यार्थ्याने विचारले तर तो रागावतो.

यांपैकी एक कथा सांगण्याचा मोह आवरत नाही. राजगृहात सतरा मुलांची एक टोळी होती. त्यांतल्या थोरल्याचे नाव उपाली. आपल्या पश्चात याने सुखाने जगावे म्हणून त्याला काय शिकवावे, असा त्याच्या आईवडिलांना प्रश्न पडला. लेखन शिकवावे, तर बोटे दुखतील. गणित शिकवावे, तर छाती दुखेल. नाण्यांची पारख शिकवावी, तर डोळे दुखतील. त्यांच्या असे ध्यानात आले की, हे शाक्यपुत्रीय श्रमण मात्र चांगले खातात आणि वारा न लागणाऱ्या जागी निजतात. मुलाला तेथेच घालावे! हे बोलणे मुलाने ऐकले, सोबत्यांना सांगितले आणि सतराही जणांनी घरी हट्ट धरून प्रव्रज्या घेतली. भिक्षूंनीही त्यांना लागलीच उपसंपदा देऊन टाकली. पहाट झाली तशी पोरे रडू लागली. “पेज द्या, भात द्या, खायला द्या!” भिक्षू म्हणाले, उजाडू द्या, पेज असेल तर प्या, नसेल तर भिक्षा मागून खा. पोरे ऐकेनात, अंथरुणे ओली झाली. बुद्धाने आनंदाला विचारले, हा लहान मुलांचा आवाज कसला? आणि नियम झाला की, वीस वर्षांखालील कोणाला उपसंपदा देऊ नये. थंडी, भूक आणि कठोर शब्द सोसण्याची शक्ती त्याच्यात नसते.

या कथेत मला एक गोष्ट विलक्षण वाटते. बेशिस्त मुलांनी केली, पण दोष ठेवला गेला तो त्यांना आत घेणाऱ्यांवर. मुलांना शिक्षा झाल्याचा उल्लेखच नाही. पुढे राहुलाची प्रव्रज्या झाली तेव्हा शुद्धोदनाने आपले दुःख सांगितले आणि आईबापांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. तोही संस्थेला बांधणारा नियम आहे, विद्यार्थ्याला नव्हे.

गुरुशिष्यांच्या कर्तव्यांची यादी महावग्गात विस्ताराने आली आहे. शिष्याने लवकर उठावे, गुरूला दातवण आणि पाणी द्यावे, आसन मांडावे, पेज आणून द्यावी, पात्र धुऊन ठेवावे. येथवर वाचून कोणी म्हणेल, झाले, गुरूची सेवा! पण पुढे तीच यादी उलट्या दिशेने येते. शिष्य आजारी पडला तर गुरूने उठून त्याला दातवण द्यावे, आसन मांडावे, पेज आणून द्यावी, पात्र धुवावे. शिष्याजवळ चीवर नसेल तर ते मिळवून द्यावे.

आणि शिष्य नीट वागत नसेल तर? त्याला काढून टाकण्याची मुभा आहे. त्याचे शब्दही दिले आहेत: मी तुला काढतो, येथे परत येऊ नकोस, तुझे पात्र-चीवर बाहेर घेऊन जा. नीट वागणाऱ्याला काढले तर गुरू दोषी, आणि नीट न वागणाऱ्याला काढले नाही तरीही गुरू दोषी. म्हणजे विनयाला लेचेपेचेपणा मान्य नाही. परंतु त्यानंतर एक पायरी आहे. काढून टाकलेल्या शिष्याने क्षमा मागितली पाहिजे. न मागणे हा त्याचा दोष. काही गुरू क्षमा करीनात. मग ग्रंथ सांगतो त्याप्रमाणे ते शिष्य कोठे तरी निघून गेले, कोणी चीवर टाकले, कोणी अन्य पंथांत शिरले. तेव्हा नियम झाला की, क्षमा मागितली असता ती केलीच पाहिजे. जो गुरू करणार नाही त्याला दुक्कटाचा, म्हणजे दुष्कृत्याचा दोष लागेल. आपला विद्यार्थी दुसरीकडे गेला तर तो कृतघ्न, अशी आपली समजूत. विनयाने मात्र विचारले की, परत येण्याची वाट आपण ठेवली होती काय?

आता चौकशीची रीत. कोणत्याही भिक्षूवर कारवाई करायची तर ती त्याच्या समक्ष झाली पाहिजे. आधी त्याच्यावर आरोप ठेवायचा, मग घटनेची आठवण द्यायची, मग कोणता नियम मोडला ते सांगायचे, त्याचे म्हणणे घ्यायचे, आणि त्यानंतर संघापुढे प्रस्ताव मांडून तीन वेळा विचारायचे की, कोणाची हरकत आहे काय? हे सोडून केलेली कारवाई चुल्लवग्गाच्या मते कारवाईच नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्षुसंघाच्या याच कार्यपद्धतीचा उल्लेख केला होता. प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे संघाला ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन शिकलेल्या, आणि याच शहरात राहायला जागा न मिळालेल्या माणसाने ती आठवण देशाला करून द्यावी, यातले मर्म या सभागृहाला वेगळे सांगायला नको. १९६२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परीक्षामंडळाच्या प्रकरणात विद्यार्थ्यांचे म्हणणे न ऐकता त्यांचे निकाल रद्द करणे अयोग्य ठरविले. त्या निकालाचे आपण नवल करतो. हेडमास्तरांच्या वहीतील डावे अंग मात्र कोरे ठेवायला विसरतो.

मराठीत हा विषय ज्यांनी प्रथम साधार मांडला त्यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपात गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकले. परत आल्यावर त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. त्यांचे ‘बौद्ध संघाचा परिचय’ हे पुस्तक माझ्या हाती कॉलेजात असताना पडले. गहन नियमही घरातली गोष्ट सांगावी तसे सांगण्याची त्यांची हातोटी आज दुर्मीळ झाली आहे.

प्रायश्चित्ताची एक कथा तर अशी सुंदर आहे की ती कोणत्याही शिक्षकाने विसरू नये. मच्छिकासंडात चित्त नावाचा गृहस्थ होता. तो सुधम्म नावाच्या भिक्षूला फार मानी. एकदा चित्ताने सारिपुत्तादी थोर भिक्षूंना आधी आमंत्रण दिले आणि सुधम्माला नंतर. सुधम्म रुसला. भोजनाची तयारी पाहायला गेला आणि म्हणाला, सारे आहे, फक्त तिळाची वडी तेवढी नाही. त्यात चित्ताच्या घराण्याला टोमणा होता. तक्रार बुद्धापर्यंत गेली आणि निर्णय झाला की, सुधम्माने जाऊन चित्ताची क्षमा मागावी. सुधम्म गेला, पण दारापाशी जाऊन लाजला आणि तसाच परत आला. आता आपण काय केले असते? आज्ञाभंगाचे दुसरे कलम लावले असते! संघाने त्याला एक सोबती दिला. क्षमा मागायला जाताना त्याच्याबरोबर चालणारा, आणि गरज पडली तर त्याच्या वतीने शब्द काढणारा सोबती. त्याला ‘अनुदूत’ असे नाव आहे.

संघादिशेष म्हणून जे तेरा गंभीर अपराध आहेत, त्यांचे प्रायश्चित्त पुरे केलेल्या भिक्षूला पुन्हा सामावून घेण्यासाठी किमान वीस भिक्षू लागत. एकोणीस असले तरी तो सामावला जात नाही आणि ते एकोणीस निंदेस पात्र होतात. एखाद्याला हे प्रायश्चित्त घालून द्यायला चार भिक्षूंचा संघ पुरतो, आणि ते पुरे झाल्यावर परत घ्यायला वीस हवेत. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले की परतीची वाट मुद्दाम अवघड केली आहे. आता तसे वाटत नाही. माणसाला घालवायला चारजण पुरतात. तो परत आल्याची साक्ष मात्र पुष्कळांनी पाहिलेली असावी लागते, नाहीतर लोक त्याला नंतर टोचून खातात.

अर्थात परतीची वाट नसलेले चार अपराध आहेतच: मैथुन, चोरी, मनुष्यवध आणि अंगी नसलेल्या अलौकिक सिद्धीची बढाई. चौथा अपराध पहिल्या तिघांच्या पंगतीला बसविला आहे, हे धर्मसंस्थांच्या चालकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. तरीही इत्सिंग ज्या मूलसर्वास्तिवाद परंपरेचा होता, तिच्या विनयात एक फट ठेवली आहे. ब्रह्मचर्य मोडणाऱ्याने ते क्षणभरही लपविले नसेल, तर त्याला ‘शिक्षादत्तक’ म्हणून सर्वांत खालच्या आसनावर विहारातच राहता येई.

विनयाची मी एकतर्फी स्तुती करीत आहे असे वाटू नये. कौशांबीत एका भिक्षूने केलेली गोष्ट अपराध आहे की नाही यावरून संघ दुभंगला. अट्ठकथेत तर त्याचे मूळ शौचकूपातील भांड्यात शिल्लक ठेवलेले पाणी एवढेच सांगितले आहे! बुद्धाने दोन्ही बाजूंची समजूत घातली. निलंबित करणाऱ्यांना म्हणाला, यामुळे संघ फुटेल याचा विचार करा. निलंबिताच्या बाजूला म्हणाला, इतरांवर विश्वास ठेवून दोष कबूल करा. कोणी ऐकले नाही. तो एकटा पारिलेय्यकाच्या वनात निघून गेला. शेवटी गावातील उपासकांनी भिक्षा बंद केली, तेव्हा सर्वांना शहाणपण आले. पालकसभेचे सामर्थ्य किती जुने आहे पाहा. भिक्षुणींच्या बाबतीत तर विनयाचा न्याय लंगडाच आहे. त्यांना नियम ३११, आणि भिक्षूचा दोष भिक्षुणीने दाखवू नये असे वर बंधन. समक्ष चौकशीचा एवढा आग्रह धरणाऱ्यांनी अर्ध्या संघाचे तोंड बंद ठेवले, हे झाकण्यात अर्थ नाही.

आता इत्सिंगाने ताम्रलिप्तीच्या विहारात पाहिलेल्या दोन माणसांविषयी सांगतो. एक होता राहुलमित्र, वय सुमारे तीस, आचरणाने अत्यंत शुद्ध. दीक्षेपासून तो कोणत्याही स्त्रीशी समोरासमोर बोलला नव्हता. आई किंवा बहीण आली तर खोलीबाहेर येऊन भेटे. इत्सिंगाने विचारले, असा तर नियम नाही, मग हे का? तो म्हणाला, माझा स्वभावच आसक्तीचा आहे. असे केले नाही तर मला तिचा उगम रोखता येत नाही. त्याने स्वतःसाठी घातलेला नियम दुसऱ्या कोणावर लादला नाही, आणि विहारानेही तो उचलून कलम केले नाही. धर्मसंस्थेच्या विद्यालयांत नेमके उलटे होते. एका संस्थापकाचे व्रत पन्नास वर्षांनी सर्वांसाठी कलम सातवे होऊन बसते.

दुसऱ्या माणसाचे नाव इत्सिंगाने दिलेले नाही. तो एक साधा भिक्षू होता. त्याने विहाराची जमीन कसणाऱ्या कुळाच्या बायकोला एका मुलाच्या हाती दोन मापे तांदूळ पाठविले. कोणाला त्यात लबाडी दिसली. प्रकरण सभेपुढे आले. त्याला बोलावून विचारण्यात आले. त्याने आणि त्याच्या दोघा साथीदारांनी घडले ते मान्य केले. तो अपराधी ठरला नाही. तरीही लाजेने त्याने विहारातून आपले नाव काढून घेतले आणि तो कायमचा निघून गेला. त्याच्या गुरूने मागे राहिलेली त्याची वस्त्रे दुसऱ्या माणसाहाती पाठवून दिली. इत्सिंगाने ही गोष्ट विहाराच्या शिस्तीचे उत्तम उदाहरण म्हणून दिली आहे. सरकारदरबारी न जाता भिक्षू किती मुकाट्याने नियम पाळतात पाहा, असे त्याला म्हणायचे आहे. मी ती वाचली तेव्हा मला शिस्त दिसली नाही. मला ती वस्त्रे दिसली.

त्याचे कारण सांगतो आणि थांबतो. १९८३ साली परगावी एका धार्मिक संस्थेच्या महाविद्यालयात मी शिकवीत होतो आणि वसतिगृहाचा रेक्टरही होतो. वसतिगृहाला चौतीस कलमांची छापील नियमावली होती. कार्तिकी एकादशीच्या रात्री दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी दारू पिऊन आला. मी स्वतः पाहिले; शंकेला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. मुलगा बाहेर बाकावर होता. त्याला आत बोलवावे असे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही. चहा निवण्याच्या आत निर्णय झाला. सूचनाफलकावर नाव लागले आणि दुपारी तो खांद्याला पिशवी लावून निघून गेला. त्याची ट्रंक खोलीतच राहिली. पंधरा दिवसांनी मी ती एस. टी. पार्सलने त्याच्या गावी पाठविली, भाडेही स्वतःच भरले. ते करताना आपण फार सहृदय आहोत असे मला वाटले होते.

पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू झाले तेव्हा तो वडिलांना घेऊन आला. हातात अर्ज होता. अपराध घडला, पुन्हा घडणार नाही, परत घ्यावे, असे तीन ओळींत स्वच्छ अक्षरात लिहिले होते. मी नियमावली पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. काढून टाकण्याची कलमे पाच होती. परत घेण्याचे एकही नव्हते. मी म्हणालो, “नियमात बसत नाही हो.” वडिलांनी थोडा वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून विचार केला आणि विचारले, “मग साहेब, हा अर्ज द्यायचा कोणाकडं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी चहा मागविला. मुलगा खाली पाहत बसला होता. आतापर्यंत त्याला मी एक शब्दही विचारला नव्हता, हे माझ्या तेव्हाही लक्षात आले नाही. चहा झाला, ते उठले. दारापाशी वडील वळले आणि हात जोडून म्हणाले, “ट्रंक पोचली बरं का साहेब. उपकार झाले.”